लावणीनंतरचा ताप अंगावर काढू नका



भातलावणी उरकली की अंग मोडून येते, ताप भरतो. आपण म्हणतो, पाऊस बाधला. पुष्कळदा तसेच असते. पण खाचरात राबणाऱ्याला येणारा एक ताप उंदरापासून येतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. बोलताना नुसते 'लेप्टो'. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली, तेव्हा हे नाव घरोघर पोचले.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर आजारी दिसत नाही. धडधाकट फिरतो आणि बांधावर, पेंढ्यात, पाण्यात मुततो. ओल्या मातीत हा जंतू कित्येक आठवडे तग धरतो, माती सुकली की मरतो. म्हणून जोर पावसाळ्यात. गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मुतातूनही तो पसरतो. लागण झालेली गाय कधी गाभडते.

आपल्या अंगात तो विळ्याने खरचटलेल्या जागेतून, टाचेच्या भेगांतून आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून शिरतो. चिखल्यांना आपण दुखणे मानीतच नाही! गमबूट उत्तम, पण तो चिखलात रुततो, लावणीला अडचण होते, हे आम्हालाही ठाऊक आहे. निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी बांधा. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुऊन कोरडे करा. खाचराच्या पाण्याने तोंड धुऊ नका.

बांध अरुंद आणि तणमुक्त ठेवा. रुंद बांधात उंदीर बिळे करतो. विषारी आमिष साऱ्या वाडीने एकाच वेळी ठेवावे, नाहीतर शेजारचे उंदीर तुमच्याकडे येतात. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका.

चिखलात काम केल्यावर बहुधा ५ ते १४ दिवसांनी एकाएकी ताप चढतो. डोके ठणकते, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि 'मी खाचरात काम केले आहे' हे न विचारता सांगा. वेळेवर सुरू केलेल्या साध्या औषधांनी हा ताप बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडते. अशा वेळी काविळीच्या झाडपाल्यासाठी दोन दिवस घालवणे जिवावर बेतते.

साथ असेल तर डॉक्टर आठवड्याला एकदा घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या देतात. गरोदर बाईला किंवा लहान मुलाला त्या आपल्या मनाने देऊ नका.