ज्युनिअर युरोव्हिजन : देशाचे गाणे कोण पाठवते?

बेंगळुरू – लहान मुलांच्या गायनस्पर्धा भारतीय प्रेक्षकांना नव्या नाहीत. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या 'एदे तुंबि हाडुवेनु' या कार्यक्रमाने कन्नड घरांत, तर २००८-०९ मधील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने मराठी घरांत बालगायकांना लोकप्रियता मिळवून दिली. मात्र या स्पर्धांत मूल स्वतःच्या नावाने गाते. ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये ते देशाच्या नावाने गाते.

युरोपीय प्रसारण संघाने ही स्पर्धा २००३ मध्ये कोपनहेगन येथे सुरू केली. १६ देशांच्या त्या पहिल्या स्पर्धेत क्रोएशियाचा ११ वर्षांचा दिनो येलुसिच विजयी ठरला. सुरुवातीला गीत व संगीत मुलांनीच रचावे, असा दंडक होता. पुढे तो शिथिल करण्यात आला. २०१६ पासून वयोमर्यादा ९ ते १४ वर्षे आहे.

प्रवेश कसा मिळतो?

येथे सरकार किंवा गायक अर्ज करत नाही. देशाची प्रवेशिका तेथील प्रसारणसंस्था पाठवते. गायकाची निवड खुल्या स्पर्धेतून करावी की थेट, हेही तीच ठरवते. संस्था प्रसारण संघाची सदस्य असावी लागते. सहयोगी सदस्यांनाही निमंत्रण मिळू शकते. ऑस्ट्रेलियाला २०१५ मध्ये आणि कझाकस्तानला २०१८ मध्ये याच मार्गाने प्रवेश मिळाला.

कझाकस्तानचे उदाहरण बोलके आहे. मिन्स्क येथे १२ वर्षांच्या दानेलिया तुलेशोवाने कझाक व इंग्रजीत गाऊन सहावे स्थान मिळवले. २०१९ मध्ये येरझान मक्सिम आणि २०२० मध्ये काराकात बाशानोवा यांनी दुसरा क्रमांक पटकावला. २०१७ पासून प्रेक्षकांना इंटरनेटवरून मत देता येते. ते स्वतःच्या देशालाही देता येते. निकालात परीक्षक मंडळांच्या गुणांनाही स्थान आहे.

भारतापुढील प्रश्न

भारताने या स्पर्धेत आजवर भाग घेतलेला नाही. उद्या दार उघडले, तर पहिला पेच भाषेचा असेल. गाण्याचा मोठा भाग देशाच्या भाषेत असावा, असा नियम आहे. ज्या बेंगळुरूमध्ये एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले बसतात, तेथे 'देशाची भाषा' एकवचनी ठरवणे सोपे नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. लहान वयातील विजयाइतकाच पराभवही सर्वांसमक्ष होतो, आणि देशाचे नाव जोडले की अपेक्षांचे ओझे वाढते. भारतात बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना ३ तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुलांच्या नृत्यविषयक कार्यक्रमांबाबत वाहिन्यांना संयम पाळण्याची सूचनाही दिली होती.

कामाचे तास आणि ठेवीची रक्कम नियमाने ठरवता येते. पराभवानंतर मुलाला कोण सावरणार, याचे उत्तर मात्र प्रवेशिका पाठवणाऱ्या संस्थेला आणि पालकांनाच आधी द्यावे लागेल.