डोक्याला मार आणि फिट : गोळी किती दिवस घ्यायची?

परांचीवरून पडणे, हेल्मेट न घालता मोटारसायकलवरून आपटणे, जिन्यावरून घसरणे. आपल्या वस्त्यांत डोक्याला मार लागतो तो बहुतेक असाच. टाके निघतात, माणूस घरी येतो आणि एखाद्या दिवशी त्याला फिट येते. लगेच कुणीतरी म्हणते, "बाहेरचं लागलंय."

बाहेरचे काही लागलेले नसते. मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. मारामुळे आलेली सूज, साकळलेले रक्त किंवा मागे राहिलेला व्रण यांमुळे ते संदेश बिघडतात आणि फिट येते. दरवेळी सगळे अंग झटके देतेच असे नाही. कधी एकच हात उडतो, कधी माणूस नुसता शून्यात पाहत राहतो.

फिट कधी आली, यावर उपचार ठरतो.

पहिल्या सात दिवसांत : ही ताज्या जखमेची फिट. मार जबर असेल तर ती येऊ नये म्हणून डॉक्टर फेनिटॉईन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम हे औषध देतात. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, फेनिटॉईनमुळे पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी होतात, पण पुढच्या टळत नाहीत. म्हणून फिट आलीच नसेल, तर हे औषध साधारण आठवड्याने थांबवतात.

सात दिवसांनंतर : ही फिट काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. अशी फिट एकदा आली तर पुन्हा येण्याचा धोका मोठा असतो. तेव्हा गोळ्या बराच काळ, बहुधा काही वर्षे, घ्याव्या लागतात.

म्हणून दवाखान्यातून सुट्टी होताना तीन गोष्टी विचारा आणि कार्डावर लिहून घ्या : ही गोळी फिटची आहे का? किती दिवस घ्यायची? कुणाला विचारून बंद करायची? "आता बरं वाटतंय" किंवा "पैसे संपले" म्हणून गोळी एकदम सोडू नका. त्याने फिटवर फिट येऊन जीवही जाऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात चिठ्ठी दाखवा, पण खंड पडू देऊ नका. दारू आणि जागरण टाळा.

फिट आली तर :
- घड्याळ बघा.
- आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
- झटके थांबले की कुशीवर वळवा. नुकताच पडला असेल तर मान न पिळता डोके आणि अंग एकदम वळवा.
- हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, गोळी घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता दुसरी आली, किंवा डोक्याला मार लागल्यानंतरची ही पहिलीच फिट असेल, तर 108 ला फोन करा. आत रक्तस्राव वाढत असू शकतो. तो सीटी स्कॅनमध्येच कळतो, अंगाऱ्याने नाही. भगताकडे गेलेला तासच रुग्णाला महागात पडतो.