मालक कोण, मेस्त्री कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फ्रेंच भाषा म्हटली की आपल्याला चित्रकला, चित्रपट आणि अत्तरे आठवतात. रस्ते, गटारे, धरणे आणि पाण्याचे नळ सहसा आठवत नाहीत. भाषांतरकार म्हणून माझा बराचसा काळ मात्र याच गोष्टींच्या सहवासात गेला आहे. फ्रान्समधल्या सार्वजनिक बांधकामांचे करार, निविदा आणि अहवाल इंग्रजीत आणणे हे माझे काम. त्यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. 'यात एवढे अवघड काय? पूल म्हणजे पूल. कोशात शब्द पाहायचा आणि लिहायचा!' आज या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी थोडा इतिहास. फ्रान्समध्ये पूल आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांचे स्वतंत्र सरकारी दल १७१६ मध्येच स्थापन झाले. त्यांना शिकवण्यासाठी १७४७ मध्ये पॅरिसला खास संस्था निघाली. 'एकोल दे पाँ ए शोसे', म्हणजे 'पूल आणि रस्ते यांची शाळा', हे तिचे नाव. ती आजही चालू आहे. त्याच शतकात इंग्लंडमध्ये स्थानिक मंडळी संसदेकडून कायदा करून घेत आणि टोल घेऊन रस्ते चालवणारी विश्वस्त मंडळे नेमत. कालवे तर खासगी कंपन्याच खोदत. एकीकडे सरकारी खाते, दुसरीकडे विश्वस्त आणि भागधारक. साहजिकच दोन्ही भाषांतली बांधकामाची परिभाषा वेगवेगळ्या मुशीतून निघाली. पूल दोन्हीकडे दगडाचाच होता. त्याभोवतीचा कारभार निराळा होता. शब्दांना वास येतो तो या कारभाराचा.

सुरुवात एका गमतीदार शब्दाने करू. 'उव्राज दार' याचा शब्दशः अर्थ होतो 'कलेचे काम'. नवखा माणूस इंग्रजीत 'वर्क ऑफ आर्ट' लिहून मोकळा होईल, आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकात कलाकृतींसाठी कोट्यवधी युरो कसे, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल! प्रत्यक्षात हा शब्द पूल, बोगदे, संरक्षक भिंती यांच्यासाठी आहे. इंग्रजीत त्यांना साधेपणाने 'स्ट्रक्चर्स' म्हणतात. इथे कला म्हणजे कसब. आपल्या चौसष्ट कलांत वास्तुविद्याही आहे, हे आठवले की मराठी माणसाला हा शब्द चटकन उमगतो. डिसेंबर २००४ मध्ये खुला झालेला, ३४३ मीटर उंचीचा मियोचा पूल पाहिला तर त्याला कलाकृती म्हणण्याचा मोह होईल. पण महामार्गाखालचा एखादा ओबडधोबड छोटा पूलही कागदावर 'उव्राज दार'च असतो.

दुसरा शब्द 'रगार'. याचा रोजचा अर्थ नजर. गटाराच्या किंवा जलवाहिनीच्या वाटेवर आत डोकावून पाहण्यासाठी जो चौक ठेवतात, त्यालाही 'रगार'च म्हणतात. इंग्रजी 'मॅनहोल'मध्ये माणूस उतरणे अपेक्षित आहे. फ्रेंच शब्दात नुसती नजर उतरली तरी चालते. म्हणून प्रत्येक 'रगार'चे 'मॅनहोल' केले, तर हातभर खड्ड्याच्या जागी माणूस उतरेल एवढा खड्डा किमतीत धरला जाईल. अशा वेळी शब्दकोश बाजूला ठेवून नकाशा उघडावा लागतो आणि मोजमाप पाहून शब्द ठरवावा लागतो.

'बराज' हा शब्द याहून फसवा. इंग्रजीने तो फ्रेंचमधूनच घेतला, पण घेताना त्याचा अर्थ आखडला. फ्रेंचमध्ये नदी अडवणारे कोणतेही बांधकाम 'बराज'. इंग्रजीत उंच भिंत बांधून पाणी साठवले तर 'डॅम', आणि दरवाजे लावून पाण्याची पातळी किंवा प्रवाह आवरला तर 'बॅराज'. आपल्याकडेही धरण वेगळे आणि बंधारा वेगळा. ब्रिटनीतल्या रान्स नदीच्या मुखाशी १९६६ मध्ये भरती-ओहोटीवरचे वीजकेंद्र सुरू झाले. तिथल्या बांधाला इंग्रजीत 'बॅराज' म्हणणे बरोबरच आहे. पण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फ्रेज्यूस शहराच्या वर फुटलेले मालपासे हे कमानी धरण होते. त्या पुरात चारशेहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनेच्या कागदांत 'बॅराज' लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा बुटका बंधारा उभा राहील आणि संकटाचे मापच चुकेल.

आतापर्यंतचे शब्द वस्तूंचे होते. खरी कसोटी लागते ती माणसांच्या नावांपाशी. प्रत्येक फ्रेंच करारात दोन 'मेत्र' असतात, 'मेत्र दुव्राज' आणि 'मेत्र दव्र'. 'मेत्र' म्हणजे इंग्रजीतला 'मास्टर'. दोघांनाही 'मास्टर' म्हटले तर कोण कोणाचा मास्टर, हेच कळणार नाही. पहिला बांधकाम करवून घेणारा. गरज तो ठरवतो, जागा तो निवडतो, पैशाची सोय तो करतो. दुसरा त्याच्या वतीने आराखडा करणारा आणि कामावर देखरेख ठेवणारा. मराठीत सांगायचे तर एक मालक आणि दुसरा मेस्त्री. गंमत म्हणजे आपला 'मेस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला आणि तो फ्रेंच 'मेत्र'चा सख्खा भाऊ आहे.

इंग्रजीत पहिल्याला 'ओनर' किंवा 'एम्प्लॉयर' म्हणतात, दुसऱ्याला 'एंजिनिअर'. काम भागते, पण थोडे काहीतरी गळते. सार्वजनिक कामांविषयीच्या १९८५ च्या फ्रेंच कायद्याने स्पष्ट सांगितले, की मालकाची भूमिका लोकहिताची आहे आणि तिच्यातून त्याला अंग काढून घेता येणार नाही. हे नियम २०१९ पासून सार्वजनिक खरेदीच्या संहितेत आले आहेत. नुसत्या 'ओनर' शब्दातून हे बंधन ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी एखादे वाक्य जास्तीचे लिहून ते सांगावे लागते.

इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याच्या वेळी हा पेच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १९८६ मध्ये कँटरबरीला झालेल्या तहाचे फ्रेंच आणि इंग्रजी असे दोन्ही मसुदे सारखेच प्रमाण मानले गेले. कामावर तटस्थपणे नजर ठेवणारा जो अधिकारी पक्ष नेमला, त्याला इंग्रजी कागदांतही 'मेत्र दव्र' हेच फ्रेंच नाव राहिले. ब्रिटिश पद्धतीत नेमका तसा कोणी नव्हताच. मग शब्द कुठून आणणार? १९९४ मध्ये बोगदा खुला झाला. भाषांतर न करणे हाही कधीकधी भाषांतराचा योग्य निर्णय असतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

पाणीपुरवठ्याच्या करारांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. नगरपालिका स्वतः पाणी पुरवते तेव्हा ती 'रेजी'. कंपनी पदरचे पैसे घालून यंत्रणा उभारते, चालवते आणि मुदत संपल्यावर परत करते, ती 'कन्सेशन'. यंत्रणा नगरपालिकेने उभारायची आणि कंपनीने ती चालवायची, हा 'आफेर्माज'. या तिसऱ्या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकार 'लीज' लिहितात किंवा फ्रेंच शब्दच ठेवतात. मराठीला तो परका नाही. जुन्या काळी वसुलीचा मक्ता दिला जाई, तोच हा प्रकार; फ्रेंच शब्दाचे मूळही करवसुलीच्या मक्त्याशी नाते सांगते. पॅरिस शहराने १ जानेवारी २०१० पासून आपले पाणी पुन्हा 'रेजी'कडे घेतले. अशी बातमी देताना तिन्ही प्रकारांना सरसकट 'खासगीकरण' म्हटले, तर वाहिनी फुटल्यावर नवी कोणाच्या पैशाने बसणार, हेच वाचकाला कळत नाही.

शेवटी दोन शब्द, जे आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचले आहेत. 'स्युरते' आणि 'सेक्युरिते'. विमानतळावर 'सेक्युरिते' म्हणजे अपघातापासूनची 'सेफ्टी' आणि 'स्युरते' म्हणजे घातपातापासूनची 'सिक्युरिटी'. अणुवीज केंद्रात हे पारडे फिरते. तिथे 'स्युरते' म्हणजे अणुभट्टीची 'सेफ्टी'. 'सेक्युरिते' कधी घातपातापासूनचा बंदोबस्त असते, तर २००६ च्या फ्रेंच कायद्याने तिला या सगळ्याला कवेत घेणारा व्यापक अर्थ दिला आहे. एकाच देशात, एकाच भाषेत, खाते बदलले की अर्थ बदलतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या नियोजित सहा अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोन भट्ट्यांसाठी २०१० मध्ये प्राथमिक करार झाले. अशा प्रकल्पाचा फ्रेंच कागद इंग्रजीतून मराठीत उतरतो, तेव्हा आपण दोन्हींसाठी सर्रास 'सुरक्षा' लिहितो. पण भट्टी थंड ठेवण्याची व्यवस्था आणि फाटकावरचा सशस्त्र पहारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गावकरी विचारतो पहिलीबद्दल आणि उत्तर मिळते दुसरीबद्दल, असे होता कामा नये. मराठीत 'सुरक्षितता' आणि 'बंदोबस्त' हे दोन्ही शब्द आहेत. ते जागच्या जागी वापरले तरी पुष्कळ काम होईल.

म्हणून असा कागद हाती आला की मी शब्दाला आधी तीन प्रश्न विचारतो. पैसा कोणाचा? काम कोणाचे? बिघडले तर जाब कोणाला विचारायचा? तिन्ही उत्तरे भाषांतरात जशीच्या तशी उतरली, तर शब्द इंग्रजी आहे, फ्रेंच आहे की मराठी, याने फारसे बिघडत नाही. तिसरे उत्तर हरवले, तर भाषा कितीही सफाईदार असो, नळ कोरडा पडल्यावर नागरिकाने कोणाचे दार ठोठवायचे, हे त्या कागदावरून त्याला कळणार नाही.