गुणांच्या तराजूवर जमीन : अनुदान-अर्जांची पर्यावरणीय प्रतवारी

शेतजमिनीच्या संवर्धनासाठी शासनाकडे उपलब्ध असलेला निधी नेहमीच मर्यादित असतो आणि त्यासाठी येणारे अर्ज मात्र अधिक असतात. अशा वेळी कोणाच्या जमिनीला अनुदान द्यावे, हा प्रश्न निर्माण होतो. 'प्रथम येईल त्यास प्रथम' हा एक मार्ग झाला. सर्वांना थोडे थोडे वाटून देणे हा दुसरा. परंतु मातीची धूप रोखणे, पाण्याची गुणवत्ता राखणे आणि वन्यजीवांना आसरा देणे ही उद्दिष्टे साध्य करावयाची असतील, तर हे दोन्ही मार्ग अपुरे ठरतात. यातूनच अर्जांना पर्यावरणीय निकषांवर गुण देण्याची पद्धत विकसित झाली. या पद्धतीचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचा 'संवर्धन राखीव कार्यक्रम' होय.

कार्यक्रमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. धूप होण्याचा धोका असलेली पिकाखालील जमीन शेतकऱ्याने १० ते १५ वर्षांसाठी लागवडीतून काढावी व तिच्यावर गवत किंवा वृक्ष लावावेत, त्या बदल्यात शासन त्याला दरवर्षी खंड देईल आणि आच्छादन उभारण्याच्या खर्चाचा काही भाग उचलेल, असे त्याचे स्वरूप आहे. कृषी खात्याच्या अखत्यारीतील फार्म सर्व्हिस एजन्सी त्याची अंमलबजावणी करते.

प्रारंभीच्या नोंदण्यांमध्ये, म्हणजे १९८६ ते १९८९ या काळात, पात्र जमिनीचा मागितलेला खंड त्या विभागासाठी ठरविलेल्या कमाल मर्यादेत असला की अर्ज सामान्यतः स्वीकारला जाई. त्यामुळे सुमारे ३.४ कोटी एकर (सुमारे १.३७ कोटी हेक्टर) जमीन झपाट्याने दाखल झाली. तथापि जिथे खंड कमी तिथली, विशेषतः मध्यवर्ती मैदानी प्रदेशातील, जमीन मोठ्या प्रमाणात आली. जलप्रदूषणाची समस्या जिथे तीव्र होती, तेथील महागडी जमीन तुलनेने बाहेर राहिली. क्षेत्राचे उद्दिष्ट गाठले गेले, पण पर्यावरणाचे उद्दिष्ट त्या प्रमाणात गाठले गेले नाही.

निर्देशांकाचा उदय

ही उणीव दूर करण्यासाठी १९९० च्या कृषी कायद्यानंतर, १९९१ पासून, 'पर्यावरणीय लाभ निर्देशांक' वापरात आला. सुरुवातीला लाभाच्या गुणांचे मागितलेल्या खंडाशी असलेले गुणोत्तर पाहिले जाई आणि गुणांकनाचे सूत्र शेतकऱ्यांना सांगितले जात नसे. १९९७ च्या नोंदणीपासून निर्देशांकाची पुनर्रचना झाली. खर्च हा एक स्वतंत्र घटक म्हणून गुणांमध्ये मिळविण्यात आला आणि निकष जाहीर करण्यात आले. ही पारदर्शकता केवळ न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाची नव्हती. कशाला किती गुण आहेत हे समजल्यामुळे शेतकरी आपला प्रस्तावच सुधारू लागला.

गुणांची विभागणी

या निर्देशांकाचे प्रचलित झालेले स्वरूप पुढीलप्रमाणे आहे :

१. वन्यजीव (कमाल १०० गुण) : कोणते आच्छादन लावणार, यावर १० ते ५० गुण. एकाच परकीय जातीच्या गवतास कमी, तर स्थानिक जातींच्या मिश्रणास अधिक गुण मिळतात. जमीन वन्यजीव प्राधान्य क्षेत्रात असल्यास ३० गुणांची भर पडते.
२. पाण्याची गुणवत्ता (कमाल १०० गुण) : जमिनीचे स्थान, भूजल आणि पृष्ठजल यांना होणारा लाभ.
३. धूप (कमाल १०० गुण) : मातीच्या धूपक्षमतेच्या निर्देशांकानुसार.
४. चिरस्थायी लाभ (कमाल ५० गुण) : करार संपल्यानंतरही आच्छादन टिकण्याची शक्यता. येथे वृक्षलागवडीला झुकते माप मिळते.
५. हवेची गुणवत्ता (कमाल ४५ गुण) : वाऱ्याने होणारी धूप, कर्बग्रहण इत्यादी.
६. खर्च : कमी खंड मागणाऱ्यास अधिक गुण. या घटकाचा भार अर्जांची मुदत संपल्यानंतर निश्चित केला जातो.

पहिल्या पाच घटकांची बेरीज ३९५ होते. सर्व अर्ज राष्ट्रीय पातळीवर एकत्र क्रमवारीत लावले जातात, किमान गुणांची रेषा ठरविली जाते आणि त्या रेषेवरील अर्ज स्वीकारले जातात. ओढ्याकाठच्या गवती पट्ट्यांसारख्या उच्च लाभाच्या कामांना मात्र 'अखंड नोंदणी'द्वारे स्पर्धेविना प्रवेश मिळतो.

एक काल्पनिक उदाहरण

दोन शेतांचा विचार करू. 'अ' हे शेत उताराचे आहे. त्याला धुपीचे ९०, पाण्याचे ५०, हवेचे १० आणि एकाच परकीय गवताचे १० असे एकूण १६० गुण मिळतात. 'ब' शेताची धूप कमी असल्याने त्याला तेथे ६० गुण आहेत. पाण्याचे व हवेचे गुण 'अ'इतकेच आहेत. परंतु स्थानिक गवतांचे मिश्रण (५०), प्राधान्य क्षेत्रातील स्थान (३०) व वन्यजीवांसाठीची पूरक सुधारणा (५) यांमुळे त्याची बेरीज २०५ होते. मातीचा विचार करता अधिक गरजू असलेले 'अ' शेत मागे पडते.

आता 'अ'च्या मालकाने स्थानिक मिश्रण लावण्याची तयारी दाखविली, तर ४० गुण वाढून बेरीज २०० होईल. त्याने थोडा कमी खंड मागितला, तर खर्चाच्या घटकातून तो 'ब'च्या पुढेही जाऊ शकेल. याचा अर्थ असा की, मातीचा प्रकार व जमिनीचे स्थान हे घटक शेतकऱ्याच्या हाती नसतात, पण आच्छादन व मागणी हे असतात. उत्तम गुणांकन पद्धत केवळ निवड करीत नाही, तर वर्तनही घडविते. त्याचबरोबर भार बदलला की विजेते बदलतात. भार ठरविणे हा म्हणूनच तांत्रिक असण्याबरोबर धोरणात्मकही निर्णय आहे.

पद्धतीच्या मर्यादा

पहिली मर्यादा कालावधीची. गुणांनी उत्तम जमीन निवडता येते, परंतु ती टिकवून धरता येत नाही. कार्यक्रमातील क्षेत्र २००७ मध्ये सुमारे ३.६८ कोटी एकरांच्या उच्चांकावर पोहोचले. त्यानंतर धान्याचे भाव चढे राहिल्याने करार संपलेली बरीच जमीन पुन्हा नांगराखाली गेली. २०१४ च्या कायद्याने क्षेत्राची मर्यादा टप्प्याटप्प्याने २.४ कोटी एकरांपर्यंत खाली आणली. २०१८ च्या कायद्याने ती २०२३ पर्यंत २.७ कोटी एकरांवर नेण्याची तरतूद केली. दुसरी मर्यादा अतिरिक्ततेची. एखादा शेतकरी ती जमीन तशीही पडीक ठेवणार असेल, तर त्याला दिलेल्या अनुदानातून नवा लाभ निर्माण होत नाही. तिसरी मर्यादा प्रादेशिक भिन्नतेची. राष्ट्रीय सूत्र स्थानिक गरजा पूर्णपणे टिपू शकत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली अर्जांसाठी खुल्या झालेल्या 'कंट्रीसाइड स्टुअर्डशिप' योजनेत यावर वेगळा उपाय योजण्यात आला होता. देशाच्या १५९ नैसर्गिक भूप्रदेशांसाठी स्थानिक प्राधान्यक्रम जाहीर करून त्यांच्याशी जुळणाऱ्या प्रस्तावांना अधिक गुण देण्यात येत.

भारतीय संदर्भ

भारतात वैयक्तिक शेताऐवजी पाणलोट क्षेत्र हे एकक मानून गुणांकनाचा वापर झाला. १ एप्रिल २००८ पासून लागू झालेल्या पाणलोट विकासाच्या समान मार्गदर्शक तत्त्वांमध्ये प्रकल्पांच्या निवडीसाठी १३ निकष व एकूण १५० गुण ठेवण्यात आले. कोरडवाहू क्षेत्र, अवनत जमीन व जमिनीची उत्पादनक्षमता यांना प्रत्येकी १५ गुण होते. त्यांच्या जोडीला दारिद्र्य, अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या, अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण आणि पिण्याच्या पाण्याची स्थिती यांना प्रत्येकी १० गुण देण्यात आले. अमेरिकी निर्देशांकात न आढळणारा सामाजिक न्यायाचा निकष येथे तराजूतच घालण्यात आला, हे लक्षणीय आहे.

यामागे कारणही तसेच आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन कसतात आणि सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे. अशा कुटुंबाला दहा वर्षे जमीन लागवडीविना ठेवणे परवडणारे नाही. केवळ पर्यावरणीय लाभ मोजणारी पद्धत येथे जशीच्या तशी आणली, तर मोठ्या खातेदारालाच तिचा फायदा होण्याचा धोका संभवतो.

सारांश, गुणांकन पद्धतीमुळे मर्यादित निधीचा वापर विवेकाने होतो, निर्णयांना पारदर्शकता येते आणि शेतकऱ्याला प्रस्ताव सुधारण्याची प्रेरणा मिळते. मात्र गुण कशाला द्यावयाचे, किती द्यावयाचे आणि करार संपल्यानंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे गणित देत नाही. ती लोकांच्या गरजा व समाजाची मूल्ये पाहूनच द्यावी लागतात. संवर्धनाच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.