शेपूट नाही, तरीही उडतं!

थर्माकोलचा तुकडा, गरम तार, दोन छोट्या मोटारी आणि भरपूर चिकाटी, एवढ्या भांडवलावर घरच्या टेबलावर विमान तयार होतं. तेही साधंसुधं नाही, बिनशेपटीचं!

नवा फ्रिज घरात येतो. सगळं घर फ्रिजभोवती जमतं आणि त्याच्या खोक्यातून निघालेले थर्माकोलचे पांढरे ठोकळे कोपऱ्यात पडून राहतात. आई म्हणते, ‘‘हा कचरा आधी बाहेर टाका.’’ पण घरात एखादा उपद्व्यापी मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या कचऱ्यात त्यांना विमान दिसतं.

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लांबट धड, दोन बाजूंना पंख आणि मागे उभं शेपूट. पण जगभरच्या हौशी मंडळींना वेड लावणारं एक विमान असं आहे, की त्याला धड नाही आणि शेपूटही नाही. आहे तो फक्त पंख. इंग्रजी व्हीसारखा किंवा बूमरँगसारखा दिसणारा हा पंख रिमोटच्या इशाऱ्यावर वळतो, गिरक्या घेतो, घारीसारखा घरंगळत खाली येतो. याचं नाव ‘फ्लाइंग विंग’. म्हणजे उडता पंख.

बनवायला तो सगळ्यात सोपा आणि उडवायला सगळ्यात चिडका! हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर थोडं मागे जायला हवं.

निसर्गानं आधी बनवला

जावा, सुमात्राच्या जंगलांत अल्सोमिट्रा नावाची एक वेल उंच झाडांवर चढते. तिच्या भोपळ्याएवढ्या फळातून कागदासारख्या पातळ पंखाच्या बिया बाहेर पडतात. पंखाची रुंदी वीतभरही नसते, पण वाऱ्यावर तरंगत या बिया दूरवर जातात. त्यांना शेपूट नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इगो एट्रिश या ऑस्ट्रियन विमानकारानं हीच बी डोळ्यांपुढे ठेवून आपलं ग्लायडर रचलं.

पुढे जर्मनीत वॉल्टर आणि रायमार हॉर्टेन या भावांनी हा नाद जिवाला लावून घेतला. त्यांचं पहिलं बिनशेपटीचं ग्लायडर १९३३ साली उडालं. ते बांधलं गेलं बॉनमधल्या आईवडिलांच्या घरात! घरच्यांनी काय काय सोसलं असेल, याची कल्पना ज्यांच्या दिवाणखान्यात पतंगाचा मांजा आणि खळ पसरलेली असते त्यांनाच येईल. याच भावांचं जेट इंजिनाचं विमान फेब्रुवारी १९४५ मध्ये चाचणीत कोसळलं आणि वैमानिकाचा बळी गेला.

अमेरिकेत जॅक नॉर्थ्रॉप यांची कहाणी त्याहून चटका लावणारी. १८९५ साली जन्मलेल्या या माणसानं सारी उमेद या एकाच कल्पनेवर लावली. १९४० साली त्यांचं पहिलं छोटं विमान उडालं. १९४७ साली आठ जेट इंजिनांचं प्रचंड ‘वायबी-४९’ आकाशात झेपावलं. पंखांचा विस्तार १७२ फूट! पण जून १९४८ मध्ये अशाच एका विमानाला अपघात झाला आणि आतले पाचही जण दगावले. त्यांतल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्‌स यांचं नाव आज कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध हवाई तळाला आहे. पुढे सरकारनं ही योजनाच गुंडाळली. विमानं भंगारात गेली. १९५२ साली नॉर्थ्रॉप निवृत्त झाले.

१९८० साली, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजारी नॉर्थ्रॉप यांच्या हाती एक गुप्त नमुना ठेवण्यात आला. बिनशेपटीचं नवं बॉम्बर विमान! पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. ते विमान म्हणजे ‘बी-२’. १७ जुलै १९८९ रोजी ते पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्याच्या पंखांचा विस्तार होता बरोबर १७२ फूट.

आपल्याकडेही हे स्वप्न साकारलं आहे. १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातल्या चित्रदुर्ग इथून डीआरडीओनं पंखाच्याच आकाराचं वैमानिकरहित प्रायोगिक विमान यशस्वीपणे उडवलं.

शेपटीचं काम कोण करणार?

नॉर्थ्रॉप यांना छळणारा प्रश्न घरच्या थर्माकोलच्या पंखालाही सुटत नाही. शेपूट काही शोभेसाठी नसतं. तराजूच्या दांडीसारखं ते विमानाचा तोल राखतं. नाक वर गेलं की शेपूट ते खाली आणतं, खाली गेलं की वर उचलतं. शेपूटच काढून टाकलं तर?

मग तीच कामं पंखाकडून करून घ्यावी लागतात. म्हणून पंख सरळ न ठेवता मागे झुकवतात. त्यामुळे त्याची टोकं मध्यापेक्षा मागे जातात आणि शेपटीची जागा घेतात. पंखाची मागची कड किंचित वर उचललेली ठेवतात. ती वर उचलणं म्हणजे नाक खाली जाऊ न देण्याचा उपाय. आणि दोन्ही टोकांना छोटे उभे पडदे लावतात, म्हणजे विमान डावी-उजवीकडे भरकटत नाही.

फायदा असा, की धड आणि शेपटीचं ओझं नाही, त्यांचा हवेला होणारा अडथळाही नाही. जे काही आहे ते सगळं विमानाला उचलून धरतं. तोटा असा, की तोल बोटभर जरी चुकला तरी हे विमान माफ करत नाही.

गरम तारेची करामत

एकेकाळी महाराष्ट्रात गणपती जवळ आले की गल्लोगल्ली थर्माकोलची मखरं कापली जायची. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर ती मागे पडली. पण मखर कापण्याची ती युक्ती, म्हणजे तापलेली बारीक तार, विमानालाही तीच लागते.

लाकडी धनुष्याला नायक्रोमची तार ताणून बांधायची आणि कमी दाबाच्या वीजपुरवठ्यावर ती तापवायची. घरातल्या प्लगला तार थेट जोडण्याचं धाडस कुणीही, कधीही करू नये. तो खेळ जिवावर बेततो. तापलेल्या थर्माकोलचा धूरही घातक असतो. म्हणून हे काम गॅलरीत किंवा अंगणातच करावं.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे साचे चिकटवायचे. मधला साचा मोठा, टोकाचा छोटा. दोघांनी धनुष्याची दोन टोकं धरायची आणि तार साच्यावरून सरकवायची. गंमत इथेच आहे. मोठ्या साच्यावर तार जास्त अंतर कापते, छोट्यावर कमी. तरी दोघांनी एकाच वेळी शेवट गाठायला हवा! त्यासाठी दोन्ही साच्यांवर एक ते दहा आकडे लिहितात आणि मोठ्यानं म्हणतात, ‘‘एक... दोन... तीन...’’ बाप-लेक किंवा बहीण-भाऊ अशी जोडी जमली तर हा अर्धा तास सिनेमापेक्षा रंगतो.

साधा थर्माकोल आपटला की त्याचे मणी सुटतात. त्यापेक्षा ‘ईपीपी’ नावाचा चिवट फोम उत्तम. तो आपटला तरी रबरासारखा पुन्हा पूर्ववत होतो. शिकाऊ हातांना तोच बरा. मात्र थर्माकोलवर पंक्चरवाल्याचं सोल्यूशन किंवा डब्यातला स्प्रेचा रंग मारू नका. पंख डोळ्यांदेखत विरघळून जाईल! पांढरा गोंद वाळायला वेळ घेतो, पण फोमला इजा करत नाही. मजबुतीसाठी पंखाच्या आत कार्बनची कांडी किंवा बांबूची कामटी बसवतात आणि वरून खोकी बंद करायची चिकटपट्टी लावतात.

तेरा सेंटिमीटरचं गणित

एक सुटसुटीत माप असं: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख १०० सेंटिमीटर. मध्यावर रुंदी ३०, टोकाला २०. आणि टोकाची पुढची कड मध्याच्या नाकापेक्षा २० सेंटिमीटर मागे. सगळा सरंजाम चढवून वजन साधारण अर्धा किलो.

मागच्या कडेला दोन्ही बाजूंना फोमच्या हलत्या पट्ट्या असतात. त्यांना ‘एलेव्हॉन’ म्हणतात. नऊ ग्रॅमच्या दोन सर्व्हो मोटारी त्यांना हलवतात. दोन्ही पट्ट्या एकदम वर गेल्या की विमान नाक उचलतं. एक वर, एक खाली गेली की विमान कलतं आणि वळतं. हे मिश्रण रिमोटमध्येच करता येतं. पंखा मागच्या बाजूला बसवतात. त्यामुळे नाकावर आपटलं तरी तो बहुधा वाचतो.

आता कळीचा मुद्दा. वरच्या मापाच्या विमानाचा तोल नाकाच्या टोकापासून साधारण १३ सेंटिमीटरवर यायला हवा. तिथे दोन्ही बाजूंना खुणा करून बोटांच्या टोकांवर विमान उचलायचं. ते सपाट राहिलं की तोल जमला. तोल १५ सेंटिमीटरच्या आसपास सरकला, तर विमान हातातून सुटताच उधळतं. म्हणूनच जाणकार बॅटरीची खाच सगळ्यात शेवटी कापतात. बॅटरी सर्वांत जड, तिलाच मागे-पुढे सरकवून तोल साधायचा. या छंदातल्या जुन्या मंडळींचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, मागून जड असलेलं विमान एकदाच उडतं.

पहिली फेक

सगळी धाकधूक असते ती या क्षणाची. आठवड्यांची मेहनत आणि पाच सेकंदांचा निकाल!

त्याआधी जमिनीवरच तपासणी हवी. काडी आपल्याकडे ओढली की दोन्ही पट्ट्या वर गेल्या पाहिजेत. काडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर आणि डावी खाली. इथे उलटापालट झाली, तर जगातला कुठलाही वैमानिक ते विमान वाचवू शकणार नाही. सरळ उडण्यासाठी दोन्ही पट्ट्या मुळातच दोन-तीन मिलिमीटर वर ठेवायच्या.

मग गुडघाभर गवताचं मैदान, पडलेला वारा आणि सकाळची वेळ. पहिल्यांदा मोटार बंद ठेवून, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून विमान सरळ आणि ठामपणे सोडायचं. ते नाक वर करून धपकन पडलं, तर नाकात वजन वाढवा. थेट जमिनीत घुसू लागलं, तर पट्ट्या किंचित उचला. तरंगत जाऊन अलगद टेकलं की मगच मोटारीचा विचार. मोटार सुरू करायची तीही विमान हातातून सुटल्यावर, कारण पंखा मागे असतो आणि बोटंही तिथेच असतात.

नवशिक्याला चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दिशा. विमान आपल्याकडे येऊ लागलं की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. गोंधळ उडतो आणि विमान झाडावर! म्हणून पंखाची वरची बाजू एका रंगाची आणि खालची दुसऱ्या रंगाची ठेवतात. कॉम्प्युटरवर उडवण्याचा सराव आधी केला तर बरेच पंख वाचतात.

खर्च आणि खबरदारी

रिमोट, मोटार, सर्व्हो, बॅटरी, चार्जर असं सगळं मिळून ढोबळमानानं आठ ते दहा हजार रुपयांच्या घरात खर्च जातो. त्यात रिमोट आणि चार्जर पुढच्या विमानांनाही चालतात. मोडणारा फोम तर सगळ्यात स्वस्त.

पालकांनी लक्ष ठेवायचं ते बॅटरीवर. ही लिथियम पॉलिमर बॅटरी छोटी पण तापट असते. ती फुगली, टोचली गेली किंवा चुकीच्या चार्जरवर लावली, तर पेट घेऊ शकते. तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर वापरावा. चार्जिंग फरशीवर करावं, गादीवर नाही, आणि समोर कुणीतरी मोठं माणूस असावं. फुगलेल्या बॅटरीचा मोह सोडून द्यावा.

आणखी एक सांभाळायचं, ते कायद्याचं. देशात ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. त्यांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केलेले आहेत. हौसेसाठी, शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचाही त्यांत विचार आहे. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या जवळपास तर जाऊच नये. मुंबईसारख्या शहरांत पोलिसांचे बंदी आदेशही वेळोवेळी निघतात. म्हणून उडवण्याआधी सरकारी नकाशा पाहावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. अर्ध्या किलोची वस्तू वेगानं कुणाच्या डोक्यावर आदळली तर खेळ खेळ राहत नाही. माणसं, गुरं आणि रस्ता यांच्यावरून विमान न्यायचं नाही, हा नियम घरातच पक्का करावा.

एवढं करूनही पहिलं विमान बहुतेक वेळा आपटतंच. तुकडे पिशवीत भरून घरी आणायचे, गोंद लावायचा, तोल पुन्हा तपासायचा आणि पुढच्या रविवारी परत मैदान गाठायचं. कुठे चुकलं ते शोधण्यात मुलं जेवढं शिकतात, तेवढं पाठ केलेल्या धड्यातून शिकत नाहीत. नॉर्थ्रॉप यांना आपलं म्हणणं खरं ठरलेलं पाहायला तीस वर्षं थांबावं लागलं. इथे एक रविवार पुरतो.

तेव्हा फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल बाहेर टाकण्यापूर्वी घरातल्या पोरांना एकदा जरूर विचारा!