प्रौढांची दौड आणि सोलापूरचे ऊन

संक्रांतीच्या गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरातील पहाट मोठी आल्हाददायक असते. त्या सुमारास पार्क मैदानाभोवती, संभाजी तलावाकाठी, होटगी रस्त्यावर नवे कोरे बूट घालून धावणारी प्रौढ मंडळी दिसू लागतात. त्यांत कोणी बँकेतला कारकून असतो, कोणी शिक्षक, तर कोणी रक्तातील साखरेचा आकडा पाहून हादरलेला व्यापारी. पुढे होळी उलटते, पारा चढू लागतो आणि ही गर्दी ओसरते. एप्रिलअखेर उरलेल्यांची गणती करावयास हाताची बोटे पुरतात. या ओहोटीचे खापर आळसावर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः आळशी माणूस पहाटे पाचला उठून बूट बांधीतच नाही. उठणारा का थांबतो, हा खरा प्रश्न आहे.

पहिले कारण असे की, तो फार वेगाने धावतो. धावणे म्हटले की चाळिशीतल्या माणसाला शाळेच्या स्नेहसंमेलनातील शंभर मीटरची शर्यतच आठवते. तो तीरासारखा सुटतो, दोन मिनिटांत धापा टाकतो आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष काढून घरी परततो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या प्रारंभी मध्यमवयीन नागरिकांना, त्यांत हृदयविकार होऊन गेलेलेही होते, संथ दौडीची सवय लावली. 1962 च्या अखेरीस अमेरिकेचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरोग्याच्या पावलाशी पाऊल जुळविताना त्यांची दमछाक झाली. लिडियार्ड यांच्या पद्धतीतील मुख्य नियम कोणासही पाळता येण्याजोगा आहे : धावताना शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्या थांबल्या की वेग जास्त झाला असे समजावे. प्रारंभी चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे, एवढेही पुरे. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीतील दुखण्याचा पूर्वेतिहास असलेल्याने मात्र आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

दुसरे कारण दोन-तीन महिन्यांनी पुढे येते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमाला सरावतात. स्नायुबंध आणि हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस अंतर वाढवितो आणि नेमकी त्याच वेळी टाच किंवा नडगी दुखू लागते. अशा वेळी नेट लावणे ही बहादुरी नव्हे. आठवड्यातून दोन दिवस विश्रांती घेणारा पाच वर्षांनीही धावताना दिसतो, रोज धावण्याची प्रतिज्ञा करणारा बहुधा दिसत नाही.

हे झाले कोठल्याही गावाला लागू पडणारे. सोलापूरची खरी परीक्षा उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 42 अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे नाही. धावताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगातच साठतो आणि तो घामावाटे बाहेर टाकावा लागतो. मुंबईचा माणूस घामाने निथळतो, त्यामुळे त्याला तहानेची आठवण राहते. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो आणि शरीरातील पाणी किती गेले हे कळतही नाही. उलट, उन्हाशी शरीराचे सख्य जुळविता येते, हाही अनुभव आहे. दहा ते चौदा दिवस बेताने धावत राहिल्यास घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि नाडीचा वेग आटोक्यात राहतो. खंड पडला की हा लाभ दोन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणून मार्चमध्ये थांबून ऐन मे महिन्यात पुन्हा सुरुवात करणारा संकटात सापडतो, आणि मार्चमध्ये अंतर निम्मे करून का होईना, धावत राहणारा तरून जातो. त्याने सकाळी सहाच्या आत धावणे उरकावे आणि घरी आल्यावर चिमूटभर मीठ घातलेले ताक प्यावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ज्या गावात घरोघरी आहे, तेथे डब्यातील महागड्या भुकट्यांची मातब्बरी वाटण्याचे कारण नाही.

तिसरा अडसर संकोचाचा. ‘या वयात हे काय काढले?’ असे म्हणणारे शेजारी सर्वत्र असतात. परंतु लांब पल्ल्याचे धावणे हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली, आणि त्यातूनच दुसऱ्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथील मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. अलीकडच्या काळात, 2022 साली, बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले.

अर्थात हे जवान खेळाडू झाले. वयस्कांच्या धावण्याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातच दरवर्षी आषाढात घडतो. माळशिरस तालुक्यात वेळापूरजवळ पालखीबरोबरचे वारकरी उतारावरून ‘धावा’ करतात. येथून पंढरीचा कळस दिसताच तुकाराम महाराज धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. साठी-सत्तरीची माणसे, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या नऊवारीतील बाया त्यात असतात. पंधरा-सोळा दिवसांची चाल त्या पायांत मुरलेली असते. त्यांना कोणी वय विचारीत नाही, की हसत नाही.

तीच बाई सोलापुरात पहाटे एकटी धावू लागली, तर मात्र तिच्याकडे वळून पाहिले जाते. विजापूर रस्त्याच्या कडेने मालमोटारी, गल्लीत भटकी कुत्री आणि उखडलेले पदपथ, यांतून पुरुष कसाबसा वाट काढतो. तिला काळोखाचेही भय असते. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर पहाटे उठत असे आणि पाळीला निघालेल्या माणसांनी रस्ते जागे असत. गिरण्या बंद पडल्या आणि ती वर्दळही गेली. शर्यतीच्या एका दिवसासाठी मंडप, बिल्ले आणि भाषणे यांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग उरलेल्या 364 दिवसांकडे वळला, तर धावणारे टिकतील. जानेवारीत येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि सकाळच्या सत्रातील शिक्षिका त्या वेळी शाळेच्या वाटेवर असते. तिची दौड अंधारातच व्हावयाची. तलावाकाठचे दिवे उजाडेपर्यंत जळत ठेवणे आणि मैदानाचे फाटक पाचला उघडणे, एवढी तजवीज महापालिकेला कठीण नाही.