चिकाचे मोल

गाय किंवा म्हैस व्याली की पहिले काही दिवस तिचे दूध दाट आणि पिवळसर असते. त्याला आपण चीक म्हणतो, त्याचा खरवस करतो, आणि त्यातली एखादी वाटी शेजारी धाडल्यावाचून घरच्या गृहिणीला चैन पडत नाही. नवल असे की, जनावराच्या चिकाचे एवढे कौतुक करणाऱ्या आपल्याच समाजात बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून टाकला जात असे. तो जड असतो, साचलेला असतो, बाळाला बाधतो, अशी समजूत होती. मग बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवून दोन-तीन दिवस ‘खऱ्या’ दुधाची वाट पाहिली जाई.

ही समजूत आता मावळत चालली आहे. परंतु पहिले दूध वेळेवर मिळण्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत आईचे दूध मिळालेली मुले आपल्या देशात १०० पैकी सुमारे ४२ होती. कारणे अनेक असतील. कुठे जुनी समजूत, कुठे शस्त्रक्रियेनंतरची गडबड, तर कुठे आई आणि बाळ यांना निष्कारण वेगळे ठेवण्याची रीत. पण ज्या तासात बाळ सर्वांत जागे असते आणि चोखण्यास उत्सुक असते, तो तास हातचा जातो एवढे खरे.

हा चीक आईच्या शरीरात गरोदरपणीच तयार होऊ लागतो. प्रमाणाने तो थोडा असतो. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर निघाला तरी पुष्कळ. हे पाहून पहिलटकरीण घाबरते. ‘एवढ्याने बाळाचे काय होणार?’ असे घरातील वडीलधारी माणसेही म्हणतात. परंतु नवजात बाळाचे पोट तरी केवढे असते? त्याला या वेळी थोडेच हवे असते, आणि जे हवे ते नेमके या थोड्यात असते. रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्ये चिकात विपुल असतात. बाळाच्या कोवळ्या आतड्यांवर त्यांचे जणू अस्तर चढते. जन्मानंतरचा काळा, चिकट मळ बाहेर पडण्यासही चिकाची मदत होते. डॉक्टर त्याला बाळाची पहिली लस म्हणतात, ते उगीच नव्हे.

साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येऊ लागते. हे दूध कसे वाढते हे प्रत्येक आईने समजून घ्यावे, कारण पुढच्या साऱ्या यशाची किल्ली तिथेच आहे. विहिरीचा उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की ते बुजू लागतात. तसेच हे आहे. बाळ चोखू लागले की त्याची वर्दी आईच्या मेंदूकडे जाते आणि तिथून दोन द्रव्ये रक्तात उतरतात. एकाचे नाव प्रोलॅक्टिन. ते दूध तयार करवते. दुसरे ऑक्सिटोसिन, ते तयार झालेले दूध पुढे ढकलते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत बाळाला पाजताना आईच्या ओटीपोटात कळ येते, तीही या ऑक्सिटोसिनमुळेच. गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. म्हणजे बाळाचे पोट भरत असताना आईचीही प्रकृती सावरत असते.

आता अशी कल्पना करा की, दूध कमी आहे या शंकेने कोणी बाळाला वरचे दूध पाजले. बाळाचे पोट भरले, ते झोपले. जेवढे ते झोपले, तेवढे आईच्या अंगावरचे चोखणे कमी झाले. चोखणे कमी झाले म्हणून दूध कमी झाले. आणि शंका खरी ठरली. खोट्या शंकेने खरी टंचाई निर्माण होते ती अशी. म्हणून घड्याळाकडे न पाहता, बाळ मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा त्याला पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध उत्पन्न करणाऱ्या द्रव्याचा जोर रात्री अधिक असतो.

पान्ह्याची आणखी एक गोष्ट आहे. बुजलेली गाय पान्हा चोरते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तुलना रांगडी वाटेल, पण वेदना, भीती, अपमान आणि काळजी यांनी मातेचाही पान्हा काही काळ अडतो. तेव्हा ‘तुला दूधच नाही’ असे बाळंतिणीला येता-जाता ऐकवणारे माणूस तिच्या दुधालाच बांध घालत असते.

पाजण्याची रीत साधी आहे, परंतु ती शिकावी लागते. आईने टेकून, सैल बसावे. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी व पोट आईच्या अंगाला लागलेले असावे. आईने बाळावर वाकू नये. बाळाला छातीशी आणावे. त्याने तोंड मोठे उघडले की केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालच्या काळसर भागापैकीही बराचसा त्याच्या तोंडात जाऊ द्यावा. हनुवटी स्तनाला टेकली आणि खालचा ओठ बाहेर वळला, तर पकड बरोबर आहे असे समजावे. दुखतच राहिले तर बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. स्तनाग्रांना चिरा पडतात त्या बहुधा चुकीच्या पकडीमुळे. स्तन भरून टणक झाले तर हाताने थोडे दूध काढून ते मऊ करावेत आणि मग पाजावे. ताप आला, स्तनावर लाली आणि ठणका आला, तर डॉक्टरांकडे जावे; मात्र पाजणे आपल्याच मनाने बंद करू नये.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. बाळ अनेक कारणांनी रडते. दुपटी मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पोटात जात आहे. जन्मानंतर वजन थोडे उतरते, तेही दोन आठवड्यांच्या आत भरून येते. बाळ सुस्त पडले, चोखेनासे झाले, लघवी कमी झाली किंवा अंगाचा पिवळेपणा वाढला, तर मात्र विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको, आणि बाळगुटीही नको. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, कारण त्यातील विशिष्ट जंतूंपासून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाची जोड द्यावी, आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे अंगावरचे दूध चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

प्रयत्न करूनही काही मातांना पुरेसे दूध येत नाही. काहींची बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. त्यांच्या पदरी दोष बांधणे हा अन्याय होईल. अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने दुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिलीच. एका आईचे जास्तीचे दूध निर्जंतुक करून दुसरीच्या बाळाला द्यावयाचे, ही कल्पना पुढे आपल्या देशात अनेक ठिकाणी रुजली. १९९२ मध्ये आपल्या संसदेने बाळाच्या डब्यातील दुधाच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा केला, त्यामागेही हेच भान होते.

परंतु कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो. पूर्वी बाळंतीण माहेरी जाई आणि तिथे आई, आजी, सुईण तिच्या उशाशी असत. आज दिल्ली, इंदूर, बडोदे, बंगळूर अशा ठिकाणी संसार मांडलेल्या कित्येक मुलींच्या जवळ पतीखेरीज कोणी नसते. तेव्हा पतीनेच रात्री बाळ उचलून तिच्या कुशीत द्यावे, दुपटे बदलावे, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा, आणि भेटीस येणाऱ्यांचे शेरे दाराबाहेर ठेवावेत. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर अवश्य करावी. त्यांनी बाळंतिणीचे पोषण होते. पण त्यांच्याबरोबर तिला झोप द्यावी, निवांतपणा द्यावा, आणि ‘तुझे दूध बाळाला पुरेल’ हे वाक्य रोज ऐकवावे. बहुतेक घरांत ते खरे ठरते.